सेंद्रिय स्फटिकांतील प्रभार-संक्रमण आणि 'डोपिंग' ही संज्ञा : एक ऐतिहासिक विचार

पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या एका सहकाऱ्यांनी प्रस्तुत लेखकास मध्यंतरी एक साधा वाटणारा प्रश्न विचारला. सेंद्रिय अर्धसंवाहकांवरील एक पाठ ते मराठीत लिहीत होते आणि 'डोपिंग' ह्या इंग्रजी संज्ञेस त्यांना प्रतिशब्द हवा होता. तीन-चार शब्द त्यांनी कागदावर लिहून आणले होते. त्यांपैकी एकही त्यांच्या मनास येत नव्हता. शब्द सुचविण्यापूर्वी वस्तू समजून घ्यावी, हा आमच्या शास्त्रातील प्राथमिक नियम. तो पाळावयास गेलो आणि गुंतत गेलो. सिलिकॉनच्या स्फटिकात जी क्रिया ह्या नावाने ओळखली जाते ती, आणि पेंटासीन किंवा थॅलोसायनीन ह्यांसारख्या कार्बनी रेणूंच्या स्फटिकात ह्याच नावाने ओळखली जाते ती, ह्या दोन क्रिया एकरूप नाहीत असे हळूहळू ध्यानात आले. इतकेच नव्हे, तर दुसऱ्या क्रियेशी अगदी निकट असलेल्या घटनेला रसायनशास्त्रज्ञांनी पुष्कळ आधी एक स्वतंत्र नाव दिलेले होते. 'प्रभार-संक्रमण' हे ते नाव. एका घटनेची दोन नावे दोन शास्त्रांत वेगवेगळी वाढली आणि त्यांची पुन्हा गाठ पडावयास साठ वर्षे लागली, असा हा इतिहास आहे. प्रस्तुत लेखक पदार्थविज्ञानाचा अधिकारी नव्हे. त्याचा पुरावा मुख्यत्वे संज्ञांचा व शोधनिबंधांच्या शीर्षकांचा आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे.

प्रथम 'डोपिंग' ह्या शब्दाकडे पाहू. त्याचे मूळ डच भाषेत आहे. 'डोपेन' म्हणजे बुडविणे. ह्याच क्रियापदाला बाप्तिस्मा देणे असाही अर्थ आहे. ज्यात घास बुडवून खावयाचा ते कालवण म्हणजे 'डोप'. अमेरिकेत वसाहत केलेल्या डच लोकांकडून हा शब्द तेथील इंग्रजीत शिरला. पुढे कोणत्याही दाट द्रवास तो लावला जाऊ लागला. ओढण्यासाठी शिजविलेली अफू त्यात आली, शर्यतीच्या घोड्यास चारावयाचे औषध आले, आणि आरंभीच्या विमानांच्या कापडी पंखांवर चढवावयाचे रोगणही आले. जर्मेनियम आणि सिलिकॉन ह्यांत हेतुपुरस्सर अल्प परकी द्रव्य घालण्याच्या क्रियेस हा शब्द लाभला तो ह्या सर्वांनंतर, आणि कारखान्याच्या बोलीतून आल्यासारखा. गंभीर लेखनात तो आरंभी नव्हता. पिअर्सन व बार्डीन ह्या बेल प्रयोगशाळेतील संशोधकांचा 1949 चा निबंध ह्या विषयाचा पायाच मानला जातो. त्याच्या शीर्षकात 'बोरॉन आणि फॉस्फरस असलेल्या सिलिकॉनच्या मिश्रधातू' असा प्रयोग आहे. म्हणजे पितळ किंवा कासे ह्यांच्या पंगतीत ह्या पदार्थांना बसविलेले आहे. 'मिश्रधातू' हा शब्द टिकला नाही, कारण फॉस्फरसचे प्रमाण इतके अल्प असते की त्यास मिश्रण म्हणणे अवघड जावे.

जाता जाता एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. हिंदीत ह्या संज्ञेसाठी 'अपमिश्रण' ह्याबरोबरच 'मादन' हाही शब्द वापरलेला आढळतो. 'डोप' म्हणजे मादक द्रव्य, हा अर्थ धरून तो घडविला असावा असे दिसते. शब्दाच्या प्रवासातील एका मधल्याच मुक्कामावर उतरून केलेले हे भाषांतर आहे. सिलिकॉनला नशा चढत नाही. आमच्या सहकाऱ्यांच्या कागदावर 'मादन' होता आणि त्यापुढे त्यांनी प्रश्नचिन्ह काढलेले होते.

आता सिलिकॉनमध्ये घडते काय ते थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण पुढील सर्व घोटाळ्याचे मूळ तेथे आहे. सिलिकॉनच्या एका घन सेंटिमीटरात सुमारे 5 वर 22 शून्ये इतके अणू असतात. त्यांत 1 वर 16 शून्ये इतके फॉस्फरसचे अणू घातले तरी प्रमाण पन्नास लाखांत एक असेच पडते. फॉस्फरसचा अणू सिलिकॉनच्या एका अणूची जागा घेतो. त्याच्या बाह्य कवचातील पाच इलेक्ट्रॉनांपैकी चार शेजाऱ्यांशी बंध जोडण्यात खर्च होतात आणि पाचवा उरतो. ह्या पाचव्यास सोडविण्यास सुमारे 0.045 इलेक्ट्रॉन-व्होल्ट एवढीच ऊर्जा लागते, कारण सिलिकॉनचा परावैद्युत स्थिरांक 12 च्या आसपास असल्यामुळे धन व ऋण प्रभारांमधील ओढ पुष्कळ सौम्य होते. घरातील सामान्य तापमानाला स्फटिकात जी धुगधुगी असते ती सुमारे 0.025 इलेक्ट्रॉन-व्होल्टची. तेव्हा इलेक्ट्रॉन सुटतो आणि सर्व स्फटिकाचा होतो. फॉस्फरसला 'दाता' म्हणतात ते ह्या अर्थाने. बोरॉन ह्याच्या उलट एक इलेक्ट्रॉन ओढून घेतो व मागे पोकळी ठेवतो, तो 'ग्राही'. यजमान व पाहुणा ह्यांच्या भूमिका येथे स्पष्ट आहेत. यजमान अफाट, पाहुणा नगण्य; आणि पाहुण्याने दिलेले दान पूर्ण, एका अखंड इलेक्ट्रॉनाचे.

'दाता' व 'ग्राही' हे शब्द मात्र पदार्थविज्ञानाची मिरास नव्हते. रसायनशास्त्रात ते आधीपासून होते, आणि तेथील दानाचा प्रकार निराळा होता. त्याचा मागोवा घेण्यासाठी शंभर वर्षे मागे, जर्मनीत जावे लागते.

1844 साली फ्रीडरिख वोलर ह्याने क्विनोनचे पिवळे द्रावण आणि हायड्रोक्विनोनचे रंगहीन द्रावण ह्यांच्या संयोगातून धातूसारखी चकाकी असलेले गडद हिरवे स्फटिक मिळविले. पिवळे अधिक रंगहीन बरोबर हिरवे, हा हिशेब कोणत्याही रंगाऱ्यास पटणारा नाही. वोलरने त्यास 'हिरवे हायड्रोक्विनोन' असे नाव दिले. आज आपण त्यास क्विन्हायड्रोन म्हणतो. क्विनोन हे नावही कुतूहलाचे आहे. 1838 मध्ये वोस्क्रेसेन्स्की ह्या रशियन रसायनज्ञाने हे द्रव्य क्विनिक आम्लापासून काढले, आणि ते आम्ल सिंकोना वृक्षाच्या सालीतील. हिवतापावर आपल्याकडे जे 'कोयनेल' देत असत ते आणि हे क्विनोन नावापुरते तरी एकाच सालीचे भाऊ होत. हे कुलनाम वाचकाने लक्षात ठेवावे; पुढे सुमारे सव्वाशे वर्षांनी ते पुन्हा भेटणार आहे.

असे पदार्थ पुढे शेकड्यांनी सापडले. दोन तृप्त रेणू, ज्यांच्यात बंध जोडावयास मोकळा हात उरलेला नाही, ते एकमेकांस चिकटतात व भलताच रंग दाखवितात. पाउल फायफर ह्याने त्यांची मोठी यादी केली आणि त्यांना 'सेंद्रिय रेणवीय संयुगे' असे नाव दिले. नाव दिले, कारण दिले नाही. आयोडीनचीही तीच कथा. कार्बन टेट्राक्लोराइडमध्ये ते जांभळे दिसते, मद्यार्कात तपकिरी. 1949 मध्ये कॅलिफोर्नियात बेनेसी व हिल्डेब्रांड ह्यांनी बेंझीनमधील आयोडीन तपासले, तेव्हा 297 नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे डोळ्यास न दिसणाऱ्या जंबुपार भागात, एक नवाच शोषणपट्टा आढळला. तो केवळ बेंझीनचाही नव्हता आणि केवळ आयोडीनचाही नव्हता.

ह्याचा उलगडा शिकागोच्या रॉबर्ट मल्लिकन ह्यांनी 1950 ते 1952 ह्या काळात केला. त्यांचे म्हणणे असे. ह्या जोडीचे वर्णन दोन प्रकारे करता येईल: दोन्ही रेणू उदासीन आहेत हे एक, एकाने इलेक्ट्रॉन दिला, दुसऱ्याने घेतला आणि दोन्ही आयन झाले हे दुसरे. प्रत्यक्ष स्थिती ह्या दोन वर्णनांचे मिश्रण होय. बेंझीन-आयोडीनसारख्या दुर्बळ जोडीत दुसऱ्या वर्णनाचा वाटा काही टक्केच असतो. प्रकाश पडला म्हणजे ही वाटणी उलटते, दुसरे वर्णन प्रधान होते. त्या उडीस लागणारी ऊर्जा म्हणजेच तो अनोळखी पट्टा. ह्यास त्यांनी प्रभार-संक्रमण म्हटले. 1966 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले ते रासायनिक बंध व रेणूंची इलेक्ट्रॉनीय रचना ह्यांवरील एकंदर कार्याबद्दल; त्यात ह्या उपपत्तीचाही अंतर्भाव होतो.

येथे भाषाशास्त्राच्या शिक्षकास एक आठवण होणे अपरिहार्य आहे. संस्कृत व्याकरणात 'संप्रदान' ह्या कारकाचा विचार करताना टीकाकारांनी परटाचे उदाहरण घेतले आहे. ब्राह्मणास गाय देणे हे देणे खरे; तेथे चतुर्थी विभक्ती. परटास वस्त्र देणे हे खरे देणे नव्हे, कारण देणाऱ्याचे स्वत्व सुटलेले नसते आणि वस्त्र परत यावयाचे असते. म्हणून तेथे षष्ठी. मराठीने हा विवेक सोडून दिला. 'ब्राह्मणाला गाय दिली' आणि 'परटाला कपडे दिले' ह्या दोन्ही वाक्यांत आपण एकच 'ला' लावून मोकळे होतो. इंग्रजीतील 'डोनर' ह्या शब्दाचे असेच झाले आहे. सिलिकॉनमधील फॉस्फरस गाय देतो. क्विन्हायड्रोनमधील हायड्रोक्विनोन परटाला कपडे देते. दोघांनाही नाव एकच, दाता. दृष्टान्त फार ताणू नये हे खरे, पण पुढील इतिहास वाचताना तो उपयोगी पडतो.

मल्लिकन द्रावणांच्या रंगांचा विचार करीत होते, विजेचा नव्हे. सेंद्रिय स्फटिकांतून वीज वाहते काय, हा प्रश्न निराळ्या मंडळींच्या हाती होता. अँथ्रॅसीनवर प्रकाश टाकला असता त्याची वाहकता वाढते हे इटलीतील पोकेत्तीनो ह्याने 1906 मध्ये पाहिले होते. 1948 मध्ये ब्रिटनमध्ये इली ह्यांनी व सोव्हिएट संघात वार्तान्यान ह्यांनी थॅलोसायनीन ह्या निळ्या रंगद्रव्याच्या वर्गास अर्धसंवाहकांत जमा केले. ह्यांत मात्र कोणीही दुसरे द्रव्य घातलेले नव्हते.

ते घातले तोक्योत. युद्धोत्तर जपानमध्ये हिदेओ आकामात्सु व त्यांचे शिष्य हिरोओ इनोकुची हे कार्बनच्या विविध रूपांचा अभ्यास करीत होते. ग्रॅफाइट वीज वाहतो. मग ग्रॅफाइटच्या पापुद्र्याचे लहान तुकडे म्हणता येतील असे बहुवलयी रेणू घेतले तर? 1950 साली त्यांनी व्हायोलॅन्थ्रोन व त्याचे सगोत्र ह्यांच्या वाहकतेवर निबंध प्रसिद्ध केला. हे वास्तविक कापड रंगविण्याचे रंग. आणि 1954 मध्ये आकामात्सु, इनोकुची व मात्सुनागा ह्यांनी पेरिलीन ह्या पाच वलयांच्या हायड्रोकार्बनास ब्रोमीन पाजले. पेरिलीन स्वतः उत्तम विसंवाहक. ब्रोमीनयुक्त पदार्थाची रोधकता मात्र दहा ओह्म-सेंटिमीटरच्या आसपास उतरली. शुद्ध सेंद्रिय पदार्थांत तोपर्यंत जे आकडे मिळत, त्यांच्या तुलनेने ही घसरण एखाद्या लेखनिकाच्या हातून शून्ये गळावीत तशी होती.

ह्या निबंधाच्या शीर्षकाकडे लक्ष द्यावे: 'पेरिलीन-ब्रोमीन जटिल संयुगाची विद्युत्-वाहकता'. लेखकांच्या दृष्टीने ही दोन द्रव्यांची जोडी होती. पेरिलीन यजमान व ब्रोमीन पाहुणा, ही कल्पनाच तेथे नाही, आणि ब्रोमीनचे प्रमाण पाहता तशी ती असण्याचे कारणही नव्हते. पदार्थ टिकाऊ नव्हता. ब्रोमीन स्वस्थ बसणारे द्रव्य नाही, ते कालांतराने पेरिलीनच्या वलयातील हायड्रोजनची जागा घेते व वाहकता जाते. ह्या नाजूकपणामुळे म्हणा, किंवा बाजारात ट्रान्झिस्टरचे राज्य सुरू होत असल्यामुळे म्हणा, तोक्योतील ह्या कामास जे स्थान मिळावयास हवे होते ते पुष्कळ काळ मिळाले नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

पुढील पाऊल टिकाऊ ग्राही रेणूचे. 1960 मध्ये अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीच्या रसायनज्ञांनी टेट्रासायनोक्विनोडायमिथेन नावाचा रेणू तयार केला. लांबलचक नावाच्या पोटात तो 'क्विनो' दडलेला आहे. सिंकोनाच्या सालीचे कुलनाम येथपर्यंत आले. संक्षेपाने त्यास टीसीएनक्यू म्हणतात. त्यास साजेसा दाता 1970 च्या सुमारास फ्रेड वुडल ह्यांनी पुढे आणला, तो टेट्राथायाफुल्व्हॅलीन अर्थात् टीटीएफ. 1973 मध्ये ह्या दोहोंचा स्फटिक जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठात व पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मोजला गेला. सामान्य तापमानाला त्याची वाहकता काहीशे सीमेन्स प्रति सेंटिमीटर भरली, आणि थंड करीत गेल्यास ती वाढत गेली. तापमान उतरता वाहकता वाढणे हे धातूचे लक्षण आहे. कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन आणि गंधक ह्यांच्या काळ्या सुईसारख्या स्फटिकाने धातूचे लक्षण दाखविले.

ह्याचे रहस्य दोन गोष्टींत आहे. क्विन्हायड्रोनमध्ये दाता, ग्राही, दाता, ग्राही अशी एकाच रांगेत आलटून पालटून मांडणी असते. टीटीएफ-टीसीएनक्यूमध्ये दात्यांची रांग वेगळी व ग्राहींची वेगळी. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. प्रत्येक टीटीएफ रेणूकडून टीसीएनक्यूकडे सरासरीने एक इलेक्ट्रॉन जात नाही, 0.59 जातो. हा अपूर्णांकच वाहकतेचे कारण होय. समजा पूर्ण एक गेला असता, तर रांगेतील प्रत्येक आसनावर एकेक इलेक्ट्रॉन बसला असता आणि परस्परांच्या तिटकाऱ्यामुळे कोणासही हलता आले नसते. काही आसने रिकामी आहेत म्हणूनच सरकावयास वाव आहे. गायही नाही आणि वस्त्रही नाही, असा हा तिसरा प्रकार. देणे अर्ध्यावर कायमचे थांबलेले.

पेनसिल्व्हेनियाच्या गटाने आपल्या काही मोजक्या स्फटिकांत 60 अंश केल्व्हिनच्या किंचित् खाली वाहकतेची प्रचंड उसळी नोंदवली आणि तीत अतिसंवाहकतेची चाहूल असल्याचे म्हटले. 1964 मध्ये विल्यम लिटल ह्यांनी सेंद्रिय पदार्थांत सामान्य तापमानाला अतिसंवाहकता शक्य असल्याचे भाकीत केलेले असल्यामुळे कान टवकारलेलेच होते. इतर प्रयोगशाळांना ती उसळी सापडली नाही. हा स्फटिक एका दिशेने फार सुलभ व इतर दिशांनी फार दुर्गम असल्यामुळे तारा जोडण्यात थोडी चूक झाली तरी वाहकता खोटीच वाढून दिसते, असे पुढे ठरले. 54 अंशांच्या सुमारास तर तो पदार्थ धातुत्वच सोडू लागतो. रांगेतील रेणू किंचित् सरकून बसतात आणि वाट बंद होते. रूडॉल्फ पायर्ल्स ह्यांनी अशा एकमार्गी साखळ्यांविषयी ही शक्यता 1955 च्या आपल्या ग्रंथात सांगून ठेवली होती. सेंद्रिय अतिसंवाहक मिळाला तो 1979 च्या अखेरीस, पॅरिसजवळ ओर्सेला, येरोम आणि बेशगार्ड ह्यांच्या गटास. तोही 12 हजार वातावरणांच्या जवळपास दाबाखाली आणि जेमतेम एक अंश केल्व्हिनला.

अपूर्णांकाचा आणखी एक विलक्षण नमुना 1981 मध्ये आयबीएमच्या टॉरन्स ह्यांनी दाखविला. टीटीएफ आणि क्लोरानिल (हाही क्विनोनाच्या कुळातील) ह्यांच्या मिश्ररांगी स्फटिकात संक्रमणाचे प्रमाण सुमारे 0.3 असते. तो 81 अंश केल्व्हिनपर्यंत थंड केला, की हे प्रमाण एकदम 0.6 च्या घरात उडी घेते आणि स्फटिकाचा रंग पालटतो. द्रव्य तेच, जोडी तीच. देण्याचे प्रमाण तेवढे बदलले. 'दिले' आणि 'दिले नाही' एवढ्या दोनच क्रियारूपांनी ह्या पदार्थाचे वर्णन होऊ शकत नाही.

एवढा सर्व इतिहास 'प्रभार-संक्रमण' ह्या नावाखाली, बहुतांशी रसायनज्ञांच्या व त्यांना मिळालेल्या काही पदार्थवैज्ञानिकांच्या वर्तुळात घडत होता. 'डोपिंग' हा शब्द सेंद्रिय विश्वात ठळकपणे आला तो 1977 मध्ये, आणि त्याची जन्मकथा भाषाभ्यासकास पर्वणी वाटावी अशी आहे. तोक्योचे हिदेकी शिराकावा पॉलिअॅसिटिलीन ह्या बहुवारिकाचा चकाकणारा पापुद्रा तयार करीत असत. अॅलन मॅक्डिआर्मिड ह्यांनी त्यांना पेनसिल्व्हेनियास बोलाविले. तेथे अॅलन हीगर होतेच, टीटीएफ-टीसीएनक्यूच्या प्रकरणातील तेच हीगर. पापुद्र्यास ब्रोमीन व आयोडीन ह्यांची वाफ देताच वाहकता काही दशलक्ष पटींनी वाढली. ह्या एकाच शोधाविषयी त्या एकाच वर्षी, त्याच गटाने दोन निबंध प्रसिद्ध केले. रसायनशास्त्राच्या पत्रिकेतील निबंधाच्या शीर्षकात पदार्थास 'पॉलिअॅसिटिलीनचे हॅलोजन अनुजात' म्हटले आहे. पदार्थविज्ञानाच्या पत्रिकेतील शीर्षकात 'डोप केलेले पॉलिअॅसिटिलीन' म्हटले आहे. वाचक बदलला तसे नाव बदलले. हॅलोजनची वाफ आणि कार्बनी रेणू, हे 1954 च्या तोक्योतील प्रयोगाचेच नाते येथेही होते. ऑस्ट्रेलियात बोल्टो, मॅक्नील व वाइस ह्यांनी 1963 मध्ये पॉलिपायरोल व आयोडीन ह्यांवर असेच काम केले होते. पण 'जटिल संयुग' आणि 'अनुजात' ह्या शब्दांनी पदार्थवैज्ञानिकांस जे सुचविले नसते ते 'डोपिंग' ह्या एका शब्दाने सुचविले: म्हणजे येथेही वाहक असणार, धन व ऋण असे दोन प्रकार असणार, त्यांचे सांधे करता येणार. 2000 सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक हीगर, मॅक्डिआर्मिड व शिराकावा ह्यांना मिळाले, आणि त्यानंतर ह्या शब्दाच्या पदवीविषयी शंका घेणारा कोणी उरला नाही.

शब्द फलदायी ठरला, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. त्यावर पूर्ण विश्वास टाकूनच जर्मनीतील ड्रेस्डेन येथे कार्ल लेओ ह्यांच्या गटाने 1998 मध्ये थॅलोसायनीनच्या थरात थोड्या टक्क्यांत एफ4-टीसीएनक्यू मिसळले व सेंद्रिय प्रकाशदीप अल्प व्होल्टतेवर पेटविला. टीसीएनक्यूच्या चार हायड्रोजनांच्या जागी फ्लोरीन बसविले म्हणजे हा अधिक भुकेला ग्राही मिळतो. क्विनोनाचे घराणे येथे तिसऱ्यांदा भेटले. आज भ्रमणध्वनीच्या पडद्यांत जे सेंद्रिय दीप असतात, त्यांतील प्रभारवाहक थर डोप करण्याची पद्धती ह्या परंपरेतील आहे.

परंतु एक हिशेब जमत नव्हता. सिलिकॉनमध्ये दशलक्षांत एक भाग पुरतो. सेंद्रिय स्फटिकात शेकडा एक-दोन, कधी त्याहूनही अधिक घालावे लागते, आणि एवढे घालूनही मोकळे वाहक त्या मानाने फार थोडे मिळतात. ह्याचे एक कारण उघड होते. ह्या पदार्थांचा परावैद्युत स्थिरांक 3 च्या आसपास असतो, त्यामुळे देणारा व घेणारा ह्यांमधील ओढ अर्ध्या इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या घरात राहते. स्फटिकाच्या धुगधुगीच्या ती वीसपट होय. दिलेला इलेक्ट्रॉन घेणाऱ्याच्या उंबऱ्यापाशीच घुटमळतो. पण दान पूर्ण होते, यजमानाचा एक रेणू व पाहुण्याचा एक रेणू हे दोन्ही पूर्ण आयन होतात, हे गृहीत मात्र बराच काळ तसेच राहिले. गृहीत कोठून आले? प्रस्तुत लेखकाच्या मते ते 'डोपिंग' ह्या शब्दाच्या गाठोड्यातून आले.

2012 मध्ये बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठातील साल्झमान, हाइमेल, कोख आदी संशोधकांनी पेंटासीन आणि एफ4-टीसीएनक्यू ह्यांच्या मिश्रणाची ऊर्जापातळी तपासली. पूर्ण आयन झालेल्या पेंटासीनची जी खूण दिसावयास हवी होती ती दिसली नाही. दोन्ही रेणूंच्या कक्षा एकमेकींत मिसळून नव्याच दोन पातळ्या तयार झाल्या होत्या. म्हणजे मल्लिकन ह्यांची जोडी! ही जोडी स्वतःच पुढे ग्राहीचे काम करते, पण मूळ एफ4-टीसीएनक्यूच्या मानाने दुर्बळ. सामान्य तापमानाला अशा जोड्यांपैकी थोड्याच शेजारच्या पेंटासीनकडून इलेक्ट्रॉन घेऊ शकतात. शेकडा प्रमाणात द्रव्य का घालावे लागते, ह्याचा उलगडा येथे होतो. त्याच वर्तुळातील संशोधकांनी 2015 मध्ये एक पाऊल पुढे टाकले. चार गंधकी वलयांच्या एका रेणूत एफ4-टीसीएनक्यू मिसळता दोहोंचे सूक्ष्म मिश्रस्फटिक तयार होतात, आणि शुद्ध पदार्थात विखुरलेले हे स्फटिककणच डोपिंग करतात, असे त्यांनी दाखविले. निबंधाच्या शीर्षकात 'प्रभार-संक्रमण स्फटिक' व 'रेणवीय डोपक' हे दोन्ही शब्द प्रथमच शेजारी आले असे म्हणण्याचे धाडस लेखक करणार नाही. परंतु त्यांचे नाते इतक्या स्पष्टपणे जुळविणारे दुसरे शीर्षक त्याच्या पाहण्यात नाही.

सर्वत्र असेच घडते असेही नव्हे. कित्येक बहुवारिकांत, उदाहरणार्थ पॉलिथायोफीनच्या कुळात, त्याच एफ4-टीसीएनक्यूला पूर्ण इलेक्ट्रॉन दिला जातो व आयनांच्या खुणा स्वच्छ दिसतात. कोठे गाय, कोठे वस्त्र, हे रेणूंचा आकार, त्यांची एकमेकांवर बसण्याची रीत आणि ऊर्जापातळ्यांमधील अंतर ह्यांवरून ठरते. आणि 2008 मध्ये हॉलंडमधील डेल्फ्ट येथे तर टीटीएफचा एक शुद्ध स्फटिक आणि टीसीएनक्यूचा एक शुद्ध स्फटिक, दोन्ही विसंवाहक, केवळ एकमेकांवर ठेवले गेले, आणि त्यांच्या सीमेवरील पातळ थर धातूप्रमाणे वीज वाहू लागला. ह्यात काहीच कशात मिसळलेले नाही. ह्यास डोपिंग म्हणावे काय, हा प्रश्न संशोधकांनी टाळला आणि शीर्षकात 'प्रभार-संक्रमण सीमा' असा शब्द योजिला, हे योग्यच झाले.

आता आमच्या सहकाऱ्यांचा कागद. 'मादन' आम्ही खोडला. 'भेसळ' बोलण्यात सोपा, पण त्यास लबाडीचा वास आहे. 'अपमिश्रण' सिलिकॉनपुरता चालेल. 'अप' ह्या उपसर्गाने हीनत्व सूचित होते एवढा त्याचा दोष. 'विरजण' हा शब्द प्रस्तुत लेखकास क्षणभर फार आवडला होता: थोडेसे घालावे आणि सगळ्याचा गुण पालटावा. सहकाऱ्यांनी तो मान्य केला नाही. विरजण स्वतः वाढत जाते, डोपक वाढत नाही, असे ते म्हणाले, आणि ते बरोबर होते. शेवटी 'डोपिंग' हा शब्द जसाच्या तसा ठेवून क्रियेच्या हेतूपुरता, म्हणजे वाहक वाढविण्यासाठी परके द्रव्य घालणे एवढ्याच अर्थी, तो वापरावा असे ठरले. दोन रेणूंमध्ये प्रत्यक्ष काय घडते ते सांगताना 'प्रभार-संक्रमण' हा शब्द योजावा आणि त्यामागे 'पूर्ण' की 'आंशिक' हे विशेषण प्रत्येक वेळी लिहावे, अशी सूचना लेखकाने केली. पाठाच्या हस्तलिखितात पेंटासीनच्या परिच्छेदात आता 'आंशिक' आहे, पॉलिथायोफीनच्या परिच्छेदात 'पूर्ण' आहे, आणि जस्त-थॅलोसायनीनपुढची जागा सहकाऱ्यांनी अद्याप मोकळी ठेविली आहे.